सातव्या खणातला रुमाल

माझ्या सातव्या खणावरचा पितळी आकडा डावीकडे दोन मिलिमीटर खाली आला आहे. त्या बाजूचा खिळा सैल झाला आहे.

मित्रांनो, मी फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका खानावळीतली जुनी मांडणी आहे. अक्रोडाच्या लाकडाची, चोवीस खणांची. रोज जेवायला येणाऱ्या प्रत्येकाचा एक खण आणि त्यात हात पुसायचा त्याचा स्वतःचा रुमाल. सुताराने माझे कोपरे इतके नेमके जुळवले होते की पहिली मालकीण गिऱ्हाइकांना सांधा शोधायला लावी. आता माझ्यावर सोड्याच्या बाटल्या ठेवतात. त्यांच्या ओल्या तळांनी माझं पॉलिश गेलं.

माझ्याकडे येणारे बरेचसे दरोडेखोर होते. हात पुसताना ते इतरांसारखेच दिसत.

सातवा खण फिर्मँचा. टपालाची गाडी लुटल्यावर तो पकडला गेला आणि एकाही साथीदाराचं नाव न घेता नऊ वर्षं तुरुंगात राहिला. तेवढी वर्षं त्याचा मित्र आन्सेल्म दर शुक्रवारी तो न वापरलेला रुमाल धुवायला नेई आणि इस्त्री करून परत ठेवी. मैत्री असावी तर अशी, असं सगळे म्हणत. मालकीण क्लोतिल्द मात्र म्हणत नसे. तिला खरं ठाऊक होतं.

"पोलिसांनी मारलंसुद्धा नाही गं मला," आन्सेल्मने एकदा तिला सांगितलं होतं. "कॉफी दिली, आणि मी फिर्मँचं नाव सांगून बसलो."

"हे मला कशाला? त्याला सांग."

"तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत फार गलका असतो."

"दर महिन्याला गलका?"

मित्रांनो, वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण माझ्यात सर्वांत जास्त जपला गेलेला रुमाल हाच सर्वांत खोटा होता. रुमाल धुणं सोपं असतं.

मार्चमधल्या एका दुपारी फिर्मँ सुटून आला. गालफडं बसली होती. खण उघडून त्याने रुमाल हुंगला.

"बायकोसुद्धा इतकं करत नाही," तो आन्सेल्मला म्हणाला.

"तुझी तर बेकरीवाल्याबरोबर गेली," शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

"बरं झालं. पाव तरी ताजा मिळत असेल तिला."

सगळे हसले. फिर्मँने रुमाल गळ्याशी खोचला आणि आवाज खाली आणला.

"पोलिसांना माझं नाव आपल्या टोळीतल्या बेर्नोलने सांगितलं. मला पकडलं त्या दिवशी तोही चौकीत होता. जेवलो की त्याच्याकडे जातो. पिस्तूल आहे माझ्याकडे. तू फक्त दारात उभा राहा."

वाढता वाढता क्लोतिल्दचा हात थांबला. आन्सेल्म गप्प राहिला असता, तर बेर्नोलबरोबर त्याचं गुपितही पुरलं गेलं असतं. त्याने पेला ओठांपर्यंत नेला, मग तसाच खाली ठेवला.

"आधी जेवून घे," तो म्हणाला. "नाही, थांब. बेर्नोल नव्हता, फिर्मँ. तुझं नाव मी सांगितलं."