आजचे साचे उद्या फुटतात

दोन हजार एक साली मला एकच रोग होता. आपल्याला काहीतरी येत नाही, ही भीती. फॉक्सप्रोमध्ये प्रोग्रॅम लिहिता येत होते, तर सगळे म्हणायचे ते संपलं, जावा शीक. जावाचं जाडजूड पुस्तक आणलं, तर पुण्यातला मित्र म्हणाला, पुस्तकं जुनी होतात, नेटवर वाच. मग राजारामपुरीतल्या सायबर कॅफेतून पानं फ्लॉपीत भरून घरी आणायचो. ती वाचून होईपर्यंत आणखी काहीतरी नवीन निघालेलं असायचं. "प्रसेनजीत, ताटात बघ की," आई म्हणायची. माझं लक्ष ताटात नसायचंच.

पोटासाठी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचा प्रोग्रॅम लिहीत होतो. कुठल्या कामगाराचा किती माल खराब निघतो, हे मालक त्र्यंबकरावांना हवं होतं. लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरणारे दोघं, पिराजी आणि आकाराम. एक दिवस हा भरायचा, दुसऱ्या दिवशी तो. ऑफिसात कोण कुठल्या कामावर, याचं हजेरीचं एक रजिस्टर होतं, खराब मालाचं दुसरं. मी तारखेला तारीख जुळवली. एका दुपारचं काम. उरलेला वेळ जावाला.

पिराजी खिडकीशी पाणी प्यायला यायचा. पन्नाशी उलटलेला, भुवयांत काळी वाळू. एकदा आत डोकावून म्हणाला, "पावणं, भट्टीकडं एकडाव या की. आजचं साचं आमी उद्या फोडतो. बगण्यासारकं असतंय."

"हो हो, येतो," मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणालो. आजही ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

दोन महिन्यांचा रिपोर्ट निघाला. पिराजीचा माल आकारामच्या तिप्पट खराब. त्र्यंबकरावांनी कागद दोनदा वाचला. "कॉम्प्युटर काय खोटं बोलतोय व्हय?" म्हणाले आणि शनिवारी पिराजीला कामावरून काढलं. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, रिपोर्ट झकास छापून आला याचा आनंद जास्त होता.

मग आकाराम एकटाच रोज साचे भरू लागला, आणि रोजचाच माल खराब निघू लागला. त्र्यंबकराव माझ्यावर खेकसले. मी हादरलो. पुस्तक पालथं घातलं, मित्राला फोन केला, नेटवर माझा कोड टाकून प्रश्न विचारला. कुठल्यातरी परक्या देशातल्या माणसानं दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं की तुमचं गणित अगदी बरोबर आहे. तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. शेवटी कुठे जावं हे न सुचून भट्टीकडे गेलो. तिथे कामाला लागल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदा.

तिथे दोघंजण घणाने साचे फोडत होते. खराब निघालेले तुकडे बाजूला टाकून एकजण ते रजिस्टरात लिहीत होता, आजच्या तारखेवर.

"हे कुणी भरलेले?" मी विचारलं.

"कालचं हायत की," तो म्हणाला.

मी ऑफिसात जाऊन दोन्ही रजिस्टरं शेजारी ठेवली. आकारामने भरलेला माल दुसऱ्या दिवशी फुटायचा, आणि त्या दिवशी हजेरीत साच्यांवर नाव पिराजीचं असायचं. दोन महिन्यांचं एकाचं पाप मी दुसऱ्याच्या नावावर छापलं होतं.

खराब माल आदल्या दिवशीच्या नावावर धरून नवा रिपोर्ट काढला आणि तो घेऊन पिराजीचं गाव, कोडोली, गाठलं. तो बघून त्र्यंबकरावांनी पिराजीला परत बोलावलं होतं, निरोप माझ्याकडेच होता. पिराजी बांधावर वैरण कापत होता. मी कागद पुढे केला.

"मला वाचाय येत न्हाय. काय लिवलंय?"

"मामा, तुमचा माल चांगला होता. चूक माझी होती."

"ते मला ठावं हाय की. तुमाला खिडकीतनं सांगिटलं न्हवतं व्हय?"

मी म्हणालो, "मालकांनी उद्यापासून या म्हणून सांगितलंय."

पिराजीने विळा थांबवला. "बावीस वर्सं साचं भरलं त्यांच्यात. काढताना मला एकडाव इचारलं न्हाय, कागदाला इचारलं. आता ह्यो कागद बरा बोलतोय म्हणून यीऊ व्हय?"

आणि तो पुन्हा वैरणीवर वाकला.