काठ आत, तीन घड्या

"ओळखा पाहू काका, यातलं तुमचं जहाज कुठलं?"

ट्रॅव्हल ऑफिसातल्या बाईनं तीन क्रूझ कंपन्यांची चकचकीत माहितीपत्रकं टेबलावर उघडून मांडली. नावं मुद्दाम दिसू दिली नाहीत. एकात काचेचा जिना, एकात तरणतलाव, एकात लाल खुर्च्यांचं थिएटर.

बाबांनी चष्मा लावला. तिन्ही बघितली. परत बघितली.

"नाही सांगता येत."

बाई हसली. "अहो, एकवीस वर्षं जहाजावर होतात ना? चिरंजीव तर फोनवर तसंच म्हणाले."

म्हणजे हिच्या मते आम्ही थापा मारतोय. माझं डोकंच सटकलं.

"लाँड्रीत होते ते," मी म्हणालो. "पाण्याच्याही खाली. वर फिरकायची परवानगी नव्हती. एकदा डेकवर ऊन खायला गेले तर नोटीस हातात दिली. तुमचा हा जिना त्यांनी बघायचा कुठून?"

"अरे, ओरडतोस कशाला? त्यांना काय माहीत," बाबा म्हणाले.

हेच. हेच मला सहन होत नाही. नोटीस देणाऱ्यालाही ते असंच समजून घेत आले असणार.

दोन आठवडे मी घरी तक्ता बनवत होतो. तीन कंपन्या, अकरा रकाने. जेवण, बाल्कनी, गर्दी, कुठली बंदरं, बोट किती हलते. छापून फ्रिजवर चिकटवला. बाबा त्याच्यासमोर उभे राहून सांगायचे, "पहिलीची यंत्रं जुनी, वाफ गळते म्हणतात. दुसरीत मुकादम बरा आहे, रविवारी अर्धी सुट्टी देतो."

"बाबा, आपण प्रवासी म्हणून जाणार आहोत!" मी किंचाळलो होतो.

आईनं तक्त्याकडे ढुंकून बघितलं नाही. आता इथंही मांडीवर पर्स धरून बसली होती. आल्यापासून पहिल्यांदा बोलली.

"या फोटोंत यांचं कुठलं ते आधी सापडू दे. मला तेच हवंय."

"ते सोडून कुठलंही," बाबा म्हणाले.

"का पण?"

"खाली पोरं घामानं निथळणार आणि मी वर बसून ओले टॉवेल फेकू?"

"फेकू नका. घडी घालून ठेवा. घरात एक तरी कधी घातलीत का?"

बाई खुदकन हसली. बाबाही हसले, कसंनुसं. मग उगाच पानं उलटत राहिले आणि तिसऱ्या माहितीपत्रकात एका पानावर थांबले. साधा केबिनचा फोटो. पलंग, खिडकी, पायथ्याशी पांढरे टॉवेल. त्यांनी त्या टॉवेलांवर बोट ठेवलं. वाफेनं भाजून गुळगुळीत झालेलं बोट.

"हे आमचं."

"कशावरून?" बाईनं विचारलं.

"काठ आत, तीन घड्या. बाकीच्या दोघांकडे नुसते गुंडाळतात. नव्या पोरांना मीच शिकवायचो."

बाईनं माहितीपत्रक उलटून नाव बघितलं आणि मान डोलावली.

"मग हेच," आई म्हणाली. "वर्षाचे दहा महिने तिकडे. हा तापानं फणफणला तेव्हा मी एकटी. सासूबाई गेल्या तेव्हा मी एकटी. यांनी समुद्र बघितला, मी कॅलेंडर बघितलं."

"समुद्र कुठं बघितला गं," बाबा पुटपुटले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. हे तिला आज कळत होतं, परक्या बाईसमोर. तिचा राग एकदम कुठं ठेवावा ते तिला कळेना. मलाही कळेना.

"ती लाँड्री बघता येते का हो?" तिनं विचारलं.

"येते ना. पडद्यामागची सफर असते. मुख्य स्वयंपाकघर, कंट्रोल रूम... लाँड्रीत वीस मिनिटं. पण काकू, कंटाळाल. त्याच वेळेला वर मस्त शो असतो."

"वीस मिनिटं?" आईचा आवाज चढला. "एकवीस वर्षांची वीस मिनिटं?" मग पर्सची चेन खसकन ओढली. "बरं. वीस तर वीस. बाकीच्या दोघांकडे आहे का असं?"

"नाही."

माझ्या अकरा रकान्यांत हा नव्हताच.

बाबांनी या वेळी 'नको' म्हटलं नाही.

बाई फॉर्म भरायला लागली. नाव, वय, पथ्य. मग सवयीनं म्हणाली, "या कंपनीच्या जहाजावरून आधी प्रवास केलाय का? केला असेल तर वेगळं स्वागत असतं, आधी आत सोडतात." तिनं स्वतःच 'नाही'वर खूण केली.

मी तिच्या हातातलं पेन अक्षरशः हिसकावलं. "केलाय म्हणून लिहा! एकवीस वर्षं!"

बाबांनी माझं मनगट धरलं. अजून केवढी ताकद आहे त्या हातात.

"राहू दे. बरोबर लिहिलंय त्यांनी. प्रवास नाही केला."

त्यांनी पेन काढून घेऊन बाईला परत दिलं. मग ते माहितीपत्रक जवळ ओढलं, काठ आत घेतले, तीन घड्या घातल्या. कागद गुळगुळीत, घडी बसेना, सारखी उघडायची. ते तळहात दाबून धरून बसले. थोड्या वेळानं आईनंही त्यावर हात ठेवला.