दीपगृहातली शेळी

शिपाईमामांनी टेबलाचं एक टोक धरलं, ग्रंथपालबाईंनी दुसरं, आणि दोघांनी मिळून ते जड लाकडी धूड दारासमोरून ओढत पार कोपऱ्यात नेलं.

“आता खुर्ची कुठल्या बाजूला?” मामांनी धापा टाकत विचारलं.

“भिंतीकडे तोंड करून.”

“म्हणजे खोलीकडे पाठ? मग पोरांवर लक्ष कोण ठेवणार?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या.

सव्वीस वर्षं त्यांनी या वाचनालयात शांतता राखली होती. मुलं त्यांना पाठीमागे ‘शूबाई’ म्हणत, हेही त्यांना ठाऊक होतं. आणि नेमकी त्यांच्याच गळ्यात समितीने तेरा ते अठरा वयाच्या मुलांची नवी खोली मारली होती. तीन महिन्यांत मुलं आली तर ठीक, नाहीतर तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे जाणार. बाईंनी हौसेने गाद्या आणल्या, कुंड्या आणल्या, बुद्धिबळाचे दोन पट मांडले. पहिल्या दिवशी बावीस मुलं आली. बिस्किटं खाऊन जी गेली ती गेलीच.

शेवटी त्यांनी घरी भाचीला विचारलं. पंधरा वर्षांची ही भाची शिकायला त्यांच्याकडे राहत होती आणि भिडेला पडणारी नव्हती.

“मावशी, तू दारासमोर बसतेस. आत येणाऱ्याला वरपासून खालपर्यंत बघतेस. मला तर चपला काढतानाच वाटतं, माझं काहीतरी चुकलंय.”

त्या रात्री बाईंना जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी मामांना हाक मारली ती टेबल हलवायला.

पाठ फिरवून बसणं सोपं नव्हतं. पहिले आठ दिवस त्या भिंतीवरचे पोपडे मोजत बसल्या. मग एकदा दोन जोड चपला वाजल्या. मग चार. बाई वळल्या नाहीत. हळूहळू त्यांना मुलं आवाजावरून ओळखू यायला लागली. एक नाक ओढणारा, एक पेनचं टोपण टकटक करणारी, दोघं बुद्धिबळात सदान्‌कदा भांडणारे. आणि एक घोगरा, दबका आवाज, जो रोज चारला यायचा आणि वाचायचा. शब्द फोडून फोडून, एकेक अक्षर चाचपडत.

“दी... दीप... गृ...”

“दीपगृह,” टोपणवाली हळूच म्हणायची. कुणी हसायचं नाही.

ती चाचपडत वाचणारी मुलगी त्यांनी एकदाच, कपाटाच्या काचेत पाहिली. सोळा वर्षांची, उंच, पाठीत पोक काढून बसणारी. वाचनालयाच्या मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवालीची मुलगी. हातात लहान मुलांचं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक: दीपगृहाचा म्हातारा रखवालदार आणि त्याची खादाड शेळी. ते पुस्तक तिने बाईंकडे कधी मागितलं नव्हतं, आणि बाईंनीही ते नोंदवहीत लिहिलं नव्हतं. रोज जाताना ती ते कुंडीमागे ठेवून जायची. बाई रोज सकाळी त्यावरची माती पुसून ते पुन्हा तिथेच ठेवायच्या.

महिनाभरात ती ओळीवरून ओळीवर जाऊ लागली. तिचं वाचन ऐकता यावं म्हणून बाई हातातली कामं संथ करायला शिकल्या.

तो मंगळवार मात्र वाईट होता. समितीच्या चिटणीसांचं पत्र आलं होतं: वाचनकक्षातील ज्येष्ठ सभासदांची गोंगाटाबद्दल तक्रार आहे, खुलासा करावा. बाई तो खुलासा लिहीत होत्या आणि तिसऱ्यांदा खोडत होत्या. तेवढ्यात मागे एकदम हशा फुटला. अगदी छप्पर उडेल असा.

“श्श्श!”

त्यांच्या तोंडून ते गेलं. सव्वीस वर्षांची सवय, विचारून येत नाही.

मागे सगळं चिडीचूप झालं. मग चपला वाजल्या, घाईघाईने. बाई वळल्या तेव्हा टोपणवाली एकटी उभी होती.

“तिने अख्खं पान वाचलं, मॅडम,” ती म्हणाली. “एकही शब्द न विचारता. शेळी रखवालदाराची टोपी खाते, ते पान. म्हणून हसलो आम्ही.” आणि तीही निघून गेली.

बुधवारी कुणी आलं नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी चार वाजता बाईंनी कुंडीमागचं पुस्तक उचललं, मामांना “आलेच” म्हणून सांगितलं आणि मागच्या गल्लीत गेल्या.

इस्त्रीचं दुकान म्हणजे एक खण. आई इस्त्री करत होती, मुलगी घड्या घालत होती. बाईंना पाहताच मुलीचा हात थांबला.

“हिने काही केलं का, मॅडम?” आईने धास्तावून विचारलं.

“हिने नाही, मी केलं.” बाईंनी पुस्तक फळीवर ठेवलं. बोलायचं सगळं वाटेत जुळवून ठेवलं होतं, आता त्यातलं काहीच आठवेना. “टोपी खाल्ल्यावर पुढे काय होतं, ते ऐकायचं राहिलंय माझं.”

“तुम्ही वाचलं असेल की ते,” मुलगी खाली बघत म्हणाली.

“वाचलंय. ऐकलं नाही.”

मुलीने आईकडे पाहिलं. आईला काहीच उमगत नव्हतं. “तिथे जाऊन तू वाचतेस?” तिने विचारलं. “तू?”

मुलीने हात ओढणीला पुसले आणि पान उघडलं. अक्षरं एका जागी उभी राहत नसल्यासारखं बोट घट्ट दाबून तिने सुरुवात केली. शेळी जिना चढली. जिना... गोल... होता. चौथ्या ओळीत ती अडकली, मागे गेली, पुन्हा अडकली. कान लाल झाले.

“चुकलं,” ती पुटपुटली.

आईने इस्त्री उभी करून बाजूला ठेवली होती, कधी ते कुणालाच कळलं नव्हतं.

“चुकलं तरी मला कुठं कळणारेय?” ती म्हणाली. “मला एक अक्षर येत नाही. तू वाच.”

मुलगी वाचू लागली. आता जरा मोठ्याने. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. एक गिऱ्हाईक शर्टांचं गाठोडं घेऊन आलं आणि “झालेत का कालचे?” म्हणालं. आईने मुलीवरची नजरही काढली नाही.

“पान संपू दे,” ती म्हणाली, “मग देते.”

गिऱ्हाइकाने गाठोडं खाली ठेवलं.