तीनचाकी वाहनाचा नियम

शनिवार पेठेतल्या आमच्या सोसायटीत एक विमान होतं आणि ते पार्किंगच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मी श्रीनिवास, सेक्रेटरी. मला नियम करायची खोड आहे असं लोक म्हणतात. लोकांना दुसरं येतं काय?

विमान नागोरावांचं. १९४८ सालचं, हौसेनं उडवायचं, शेजारी शेजारी दोन खुर्च्यांचं. नागोराव विदर्भातून येऊन फ्लाइंग क्लबात मेकॅनिक झाले, पुढे उडवायलाही शिकले. क्लबानं मोडीत काढल्यावर ते त्यांनी घरी आणलं. पंख सोडवून भिंतीला टेकवलेले, बाकी सगळं चकचकीत.

१९९८ पर्यंत कुणाची तक्रार नव्हती, कारण कुणाकडे गाडीच नव्हती. मग कॉम्प्युटरच्या नोकऱ्या आल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दिग्विजयनं गाडी बुक केली. त्याला जागा हवी होती. सभेत मी विमानाची चाकं मोजायला लावली. पुढे दोन, शेपटाखाली एक.

"तीनच हायेत जी," नागोराव म्हणाले. खोटं बोलायची अक्कल त्या माणसाला कधीच नव्हती.

रिक्षावाल्यांसाठी केलेला आमचा नियम असा: सकाळी दहा ते संध्याकाळी सहा तीनचाकी वाहन आवारात थांबणार नाही, प्रवासी चढत वा उतरत असल्यास तेवढा वेळ अपवाद. विमान रिक्षा ठरलं. सोमवारी दहाला मी भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला. रविवारभर नागोराव विमान पुसत बसले. मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

सोमवारी पावणेदहाला त्यांच्या पत्नी सत्यशीलाबाई मंडईतून मेथी घेऊन आल्या आणि थेट विमानाच्या दारात टेकल्या. एक पाय आत, दुसरा जमिनीवर.

या बाई विमानाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. लग्नानंतर नागोरावांनी त्यांना एकदा चक्कर मारायला बसवलं होतं. तेवढ्यात क्लबाचे कुणी साहेब आले आणि बाईंना सगळ्यांदेखत उतरवून स्वतः बसले. नागोराव गप्प राहिले. त्यानंतर तीस वर्षं बाई त्यात बसल्या नव्हत्या.

"वहिनी, हे काय?"

"चढतेय."

"मग चढा."

"चढतेच आहे. किती वेळात चढायचं, ते लिहिलंय का नियमात?"

लिहिलं नव्हतं. नियम माझाच होता.

टेम्पो रिकामा गेला. बाई अकरा दिवस दहा ते सहा चढत होत्या. मेथी निवडून झाली, मटार सोलून झाले. नागोराव जेवण वाढून आणत. बाई ताट घेत, पण बोलत नसत.

बाराव्या दिवशी कळलं की दिग्विजय कंपनीतर्फे अमेरिकेला चाललाय आणि त्यानं गाडी रद्द केलीय. मी खाली गेलो. "वहिनी, जागा आता कुणालाच नकोय. उतरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला विचारलं, "उतरू?"

नागोरावांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "नको उतरू. आता कोनी बी येऊ दे."

बाईंनी दुसरा पाय आत घेतला. नागोराव शेजारी बसले, त्यांनी बाईंचा पट्टा बांधला. पंख भिंतीला, टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

ढकलण्याबद्दल नियमात काहीच नव्हतं. मी शेपटाला हात लावला आणि विमान फाटकाकडे ढकलायला लागलो.

"श्रीनिवासराव," बाई आतून म्हणाल्या, "जरा जोरात."