राखीव बॉयलर

मित्रांनो, मी एक जुना बॉयलर आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रातला. उंच इमारतीएवढा आहे, तरी तुम्ही मला पाहिलं नसेल. लांबून दिसतं ते माझं धुराडं.

पिठासारखा दळलेला कोळसा माझ्या पोटात जळायचा, नळ्यांतल्या पाण्याची वाफ व्हायची आणि ती वाफ शेजारच्या टर्बाइनला गरागरा फिरवायची. आम्ही चार भावंडं होतो. कारखाने, दवाखाने, शाळांतले पंखे, सगळ्या देशाचा भार आम्ही रात्रंदिवस वाहिला. मोठमोठी माणसं येऊन आमचं कौतुक करायची. मीही फुगलो. आमच्या राखेनं दोरीवरचे कपडे काळे होतात, लहान मुलं खोकतात, हे मला फार उशिरा कळलं.

मग टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, माळावर सौर पट्ट्या चमकू लागल्या. माझी भावंडं एकेक करून भंगारात गेली. मला तेवढं राखीव ठेवलं. राखीव म्हणजे काय? कोणी बोलावत नाही आणि कोणी जाऊही देत नाही. कबुतरांनी माझ्या शिड्यांवर संसार थाटले.

जुन्या माणसांपैकी उरले काका. भट्टी सांभाळता सांभाळता त्यांचे केस पिकले होते. काकू गेल्यापासून ते माझ्या दाराशी बसूनच डबा खायचे. "घरी तरी कोण वाट बघतंय?" एवढंच म्हणायचे.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी सकाळीच लेक न्यायला आली. ती सौर पट्ट्या बसवण्याचं काम करायची. निरोपाचा चहा कपात ओतला जात होता, तोच फोन वाजला. वारा पडला होता, ढग हटत नव्हते आणि दूरचं एक मोठं केंद्र अचानक बंद पडलं होतं. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की वीज कमी पडणार होती.

काकांनी चहा तसाच ठेवला आणि डोक्यावर हेल्मेट चढवलं.

"बाबा, काढा ते," लेक म्हणाली. "असल्या धुरानं माझ्या पिल्लाला धाप लागते. आणि तुम्ही जाता जाता हाच पेटवणार?"

"संध्याकाळी त्याचं औषधाच्या वाफेचं मशीन कशावर चालवशील, बाळा?"

तिचे डोळे भरून आले. रागानं की आणखी कशानं, मला कळलं नाही.

थंड बॉयलर घाईनं तापवला तर लोखंड तडकतं. काकांनी आधी तेलाच्या ज्योतींवर मला ऊब दिली, मग बेताबेतानं कोळसा सोडला. माझे सांधे कुरकुरू लागले. "दमानं रे, दमानं," काका पुटपुटत होते.

"बाबा, इकडे ठिबकतंय!" लेक ओरडली. दूर उभी राहिलेली ती कधी जवळ आली, कोणास ठाऊक. तिनं टॉर्च धरला, काकांनी झडप आवळली. दिवेलागणीच्या आत टर्बाइन फिरू लागलं.

त्या संध्याकाळी कुठेच अंधार झाला नाही. कोणाला काही कळलंही नाही. वीज गेली नाही, याची बातमी होत नसते.

वारा परतला तसं मला विझवलं. काकांनी माझ्या दारावर हात ठेवला आणि दार गार होईपर्यंत काढला नाही. मग ते गेले.

आता माझ्या भावंडांच्या जागी वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांची इमारत उठते आहे. लेक तिथंच काम करते. परवा ती एकटीच माझ्यापाशी आली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "बाबा विचारत होते, कसा आहेस म्हणून."

मला बोलता येत नाही. ती निघून गेली.

मित्रांनो, मला पेटायला आवडतं. खोटं कशाला बोलू? पेटलो की माणसं येतात. पण तिच्या लेकराला माझा धूर सोसत नाही. म्हणून एकच मागतो: रिकाम्या खोलीतला दिवा तेवढा मालवत जा. मी राहीन थंड.