अकरापर्यंत मोजलं

नेहमीचे पंच संपावर गेले आणि फुटबॉल लीगवाल्यांनी आमच्यासारख्यांची भरती केली. मी शाळेत पीटी शिकवतो, रविवारी शाळांच्या सामन्यांत शिट्टी वाजवतो. माझा लाइनमन म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. आता चाळीस हजार लोकांपुढे ही जोडगोळी कशी दिसली असेल, तुम्हीच बघा. टीव्हीवर आठवडाभर बदली पंचांच्या दर्जाची चिरफाड चालली होती. शेवटी बायको म्हणाली, "बंद करा ते, दोन घास नीट खा."

खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. ड्रेसिंग रूममधून तीनदा बाथरूमला जाऊन आलो. दाजी तिथं बसून बुटाची एकच नाडी सोडत आणि बांधत होते.

शाळेच्या मैदानावर पंचवीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलोय. पोरगं पडून बोंबलत असेल तर फारसं काही झालेलं नसतं. गप्प पडलं, की हातातलं टाकून धावायचं. झोपेतून उठवून विचारलंत तरी हेच सांगेन.

आणि तरीही पहिल्या हाफमध्ये पाहुण्या संघाचा एकजण गुडघा धरून असा किंचाळला की माझी पाचावर धारण बसली. वाजवली शिट्टी. नेमका तेव्हाच यजमानांचा फॉरवर्ड मोकळा गोलकडे निघाला होता. किंचाळणारा उठला, चड्डी झटकली आणि माझ्याकडे बघून हसला. अख्खं स्टेडियम एका सुरात ओरडायला लागलं, "शाळेत जा, मास्तर." एक बाटली माझ्या पायाशी येऊन पडली. कानातल्या यंत्रात दाजी कुजबुजले, "अरे, ही तुझी पोरं नाहीत. परत अशी शिट्टी वाजवलीस तर आपण दोघं इथून धड बाहेर पडत नाही."

"बरं, दाजी," मी म्हटलं.

सामना संपायला चार मिनिटं होती आणि बरोबरी होती. यजमानांचा कॉर्नर आला. पाहुण्यांचा चार नंबर आणि एक यजमान, दोघं एकाच चेंडूसाठी उडाले आणि डोक्यावर डोकं आपटलं. तो आवाज मी ऐकला. यजमान डोकं चोळत उठला. चेंडू उडून लांब गेला, तसे सगळे तिकडे वळले, कॅमेरेसुद्धा. मी वळलो नाही. चार नंबर पाठीवर पडला होता. उजवा हात हवेत ताठ उभा होता, वर्गात उत्तर येणारी पोरं करतात तसा. तोंडातून आवाज नाही.

शिट्टी माझ्या ओठांत होती. पीटीच्या मास्तरचं डोकं आपोआप मोजतं. एक, दोन, तीन. चारला वाटलं, वाजव. पाचला कानात "शाळेत जा" घुमलं, खरं तर तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. सातला हात तसाच होता. नऊला तो हळूच खाली आला. अकराला यजमानांचा गोल झाला.

मग वाजवली. लोकांना वाटलं, गोलची. "मास्तर, मास्तर" म्हणून स्टेडियम नाचायला लागलं. यजमानांच्या कॅप्टननं पाठीवर थाप मारली. "आता कसे खऱ्या पंचासारखे वागलात," म्हणाला. मी थाप अंगावर घेऊन चार नंबरकडे धावलो.

डॉक्टर बाई त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या होत्या. पापणी वर करून आत टॉर्च मारत होत्या. तो बोलत नव्हता.

"पडल्यापडल्या कोणी पाहिलं याला?" त्यांनी विचारलं. "हात-पाय ताठले होते का? नीट आठवून सांगा. याला जवळच्या दवाखान्यात न्यायचं की सरळ मेंदूच्या मोठ्या हॉस्पिटलात, हे त्यावर ठरणार आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळे चेंडू बघत होते.

"तूही चेंडू बघत होतास," दाजी कानात म्हणाले. "एवढंच म्हण. घरी जायचंय आपल्याला." मी पाहिलं म्हटलं, की पुढचा प्रश्न काय येणार ते मला माहीत होतं.

मी कानातलं यंत्र काढलं आणि खिशात टाकलं.

"उजवा हात ताठला होता," मी म्हटलं. "नऊ सेकंद. मग खाली आला, आणि अकरापर्यंत तो हललाच नाही."

डॉक्टर बाईंनी वर बघितलंही नाही. "मोठ्या हॉस्पिटलात," त्या स्ट्रेचरवाल्यांना म्हणाल्या, आणि ते त्याला उचलून पळाले.

पाहुण्यांचा कॅप्टन तिथंच उभा राहिला. वय असेल माझ्या जुन्या विद्यार्थ्यांएवढं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर, म्हणजे तुम्ही मोजत होतात?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तो स्ट्रेचरच्या मागे धावत गेला. वर लोक अजून माझ्या नावानं टाळ्या वाजवत होते. चेंडू मध्यावर आणून ठेवला होता, आणि थांबलेला वेळ धरून अजून चार मिनिटं खेळवायची होती.