कोऱ्या रेकॉर्डची मालकीण

डेट्रॉइटमध्ये ओडेसा प्रुइटच्या गॅरेजात गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे रेकॉर्डची खोकी असायची. दिवसा ती मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची आणि उरलेल्या वेळात चुलतभाऊ थर्मनबरोबर रेकॉर्ड कंपनी चालवायची. यंत्रांवर केलेलं, शब्दांविना नुसत्या ठेक्याचं संगीत. कुठलं काढायचं ते ओडेसा ठरवायची. दुकानदारांच्या गळी उतरवायचं काम थर्मनचं. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, याच्याकडे तर सोनं होतं. बघता बघता कंपनीचं 'लोअर रिव्हर' हे नाव शहरातल्या नाचणाऱ्या पोरापोरींच्या तोंडी रुळलं.

पुढची रेकॉर्ड छापायला जायची होती, तेव्हा एका रविवारी चर्चमधून थर्मन थेट तिच्या स्वयंपाकघरात आला. समोरच्या तळलेल्या कोंबडीला त्यानं हात लावला नाही, तेव्हाच ती ओळखून चुकली.

"बोल, काय घोळ घातलास?"

"न्यूयॉर्कची एक कंपनी मला घेतेय. त्यांना गायिका हवी, शब्द हवेत. आणि आपलं नावही हवं." तो ताटाकडे बघत म्हणाला, "ते मी माझ्या एकट्याच्या नावावर नोंदवलंय, ओडेसा."

"कधी?"

"मागच्या वर्षीच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कोर्टकचेऱ्या करत बसण्याइतकी ती खुळी नव्हती.

"घेऊन जा," ती म्हणाली. "नावावर कोणी नाचत नाही. आणि ती कोंबडी संपवून ऊठ. टाकायला नाही तळली मी."

छापायला जायची ती रेकॉर्ड होती एझेल ग्रिग्सबीची. एझेल सिटी बस चालवायचा आणि घरी जुन्या यंत्रांवर संगीत करायचा. बातमी ऐकून त्याचं तोंड उतरलं. "आता मधल्या गोल कागदावर छापणार काय?"

"काही नाही. कोराच लावायचा."

दुकानदार बक्स्टननं रेकॉर्ड उलटीपालटी करून पाहिली. "ना नाव, ना गाव! गिऱ्हाईक मागणार कसं गं?"

"तू लाव तर खरं."

त्यानं सुई टेकवली. दुकानाच्या फळ्या हलकेच थरथरल्या. भजनांच्या रेकॉर्डी चाळणारी एक प्रौढ बाई थांबली, तिची मान डोलू लागली. "हे कोणाचं रे, बक्स्टन?"

"या बयेचं," बक्स्टन म्हणाला, आणि ओडेसाकडे वळून, "आणखी खोकी आण."

लोक दुकानात येऊन विचारू लागले, "कोरी आली का?" हळूहळू शिकागोची दुकानंही मागायला लागली. मग एके दिवशी बर्लिनहून फोन आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत कोणी विचारत होता, "कोरी कंपनी ती तुमचीच का?"

"माझीच. किती पाठवू?"

शिवणकाम सुटलं. बंद पडलेल्या बेकरीची जागा तिनं कंपनीसाठी घेतली. काही वर्षांनी त्याच दारात थर्मन येऊन उभा राहिला. न्यूयॉर्कच्या कंपनीनं एकामागून एक गायिका बदलल्या आणि शेवटी त्यालाच नारळ दिला होता.

"मी चुकलो, ओडेसा. माझ्याजोगतं काही काम आहे का?"

तिनं त्याला नीट न्याहाळलं. "युरोपातले फोन घ्यायला माणूस हवाय. मला बोलायचा कंटाळा. पण काय काढायचं ते मीच ठरवणार, आणि कागदोपत्री सगळं माझं."

"कबूल."

"मग कोट काढ, त्या खोक्यांना चिकटपट्टी लाव."

ती एझेलच्या नव्या टेपकडे वळली. डोळे मिटून ऐकली आणि मध्येच बंद केली.

"मधला भाग लांबलाय, एझेल. काप."

"ओडेसा, तोच तर माझा जीव की प्राण..."

"काप म्हणते ना."

एझेलनं कुरकुरत टेप उचलली.